पूजेबाहेरची हातोडी

गिरिजाबाई : अहो, हळू बोला. आपल्या वनजाचे होणारे सासरे न्हाणीघरात अडकलेत, हे साऱ्या नजरबाद मोहल्ल्याला कळायला नको.

अंबाजीराव : अडकले कुठे? कडी आपोआप लागली. स्प्रिंग बसवून मीच तशी केलीय, विसरभोळ्या माणसाची सोय म्हणून.

दामोदरराव (दाराआडून) : सोय उत्तम आहे. पण कडीची मूठ माझ्या हातात आलीय, अंबाजीराव.

अंबाजीराव : ती सुटी होते. तेल घालायला बरी पडते.

गिरिजाबाई : अय्यो. साधी कडी होती ती चांगली चालली होती, तुम्ही सुम्ने, उगाचच हात लावलात. पिरियापट्टणहून मुलगी बघायला आलेला माणूस तुम्ही कोंडून ठेवलात. हे स्थळ गेलं तर जन्मभर बोलणार नाही तुमच्याशी.

अंबाजीराव : आतून दोन स्क्रू काढले की झालं. झरोक्यातून पेचकस देतो. देवघरातून आणतो थांब.

गिरिजाबाई : आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसलीत, उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

दामोदरराव : बरोबर बोलल्या. माझ्यापायी पूजेतलं हत्यार हललं, तर ही सोयरीक होणे नाही. आम्ही शिपाईगडी, एवढं एक पाळतो.

अंबाजीराव : मग वेंकोबा सुताराला हाक मारतो.

गिरिजाबाई : त्याचा रंधासुद्धा हळदीकुंकवात बसलाय. आज म्हैसुरात खिळा निघायचा नाही.

दामोदरराव : संध्याकाळी राजवाड्यावर दरबाराला जायचं होतं. असो. पगडी काढून बसतो.



अंबाजीराव : माझी सुधारलेली हातोडी आहे. दांड्याच्या टोकाला पेचकस, वर अंगठा वाचवायला वळं. सकाळी मी पूजेत ठेवली होती.

गिरिजाबाई : आणि मी बाहेर काढली. ते काय हत्यार आहे? खिळा ठोकायला गेलात की मागचं टोक तुमच्याच पोटात.

अंबाजीराव : वाईट वाटलं मला. पण म्हणजे तिला कुंकू लागलेलं नाही.

गिरिजाबाई : नाही लागलं. चुलीपाशी पडलीय. नारळ फोडायला घेतली होती.

दामोदरराव : कुंकू नाही ना? मग द्या.

अंबाजीराव : हे घ्या झरोक्यातून. टोक स्वतःकडे धरू नका.

दामोदरराव : मिळाली. अंबाजीराव, या वळ्यातून दोरी ओवली तर शिडीवरून हातोडी खाली पडायची नाही.

अंबाजीराव : हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गिरिजाबाई : साकू, पुरे झालं. आधी स्क्रू काढा.

दामोदरराव : दोन्ही निघाले. दार उघडलं म्हणा ना. पण ही स्प्रिंग उलटी बसवली, तर आतल्या माणसाला नुसतं बोट लावून उघडता येईल. थांबा, करूनच बघतो.

गिरिजाबाई : अहो, आधी बाहेर या. शिरा गार होतोय.

दामोदरराव : होऊ दे. एखादा चिमटा मिळेल? बिनकुंकवाचा.

अंबाजीराव : सांडशी देतो. गिरिजा, असा माणूस मला आजवर भेटला नव्हता गं.

गिरिजाबाई : रावसाहेब, एक विचारू का? मुलगाही तुमच्यासारखाच आहे?

दामोदरराव : तो? नाही हो. त्याला साधा खिळा ठोकता येत नाही. तेवढं एक दुःख आहे मला.

गिरिजाबाई : मग मला मुलगा पसंत आहे.