वेखंडातल्या किड्याचं आडनाव

…नाही, मला एवढंच सांगा, व्यापाऱ्यानं पोत्याला ऊन दाखवलं तर त्यात गुन्हा तो काय? आजोबांनी दाखवलं, वडिलांनी दाखवलं, आमची अख्खी बसवनगुडी पेठ दाखवते, आणि मी दाखवलं तर घरात सुतक पडल्यासारखी तोंडं. आणि किडा केवढा, तर राजगिऱ्याचा दाणा त्याच्यापुढं भोपळा!

तुम्हाला सांगतो, आमचं दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, अश्वगंधा, वेखंड. माझी शाळा स्वल्पच झाली, बाकीचं गल्ल्यावर बसून शिकलो. तर आमची भाची प्रणिता, म्हणजे कस्तुराअक्काची मुलगी, किड्यांवर संशोधन करते. कशावरही करतात हो हल्ली. ती एकदा मैत्रिणीच्या बाळासाठी वेखंड घ्यायला आली. मी कांडी दिली, तिनं ती आपटली, तळहातावर भुकटी पडली, आणि त्या भुकटीतला एक कण चालायला लागला! वेखंड लोक नेतात कशाला, तर किडे पळवायला. आणि हा त्यातच बिऱ्हाड करून. दुसरं गिऱ्हाईक असतं तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. मी फुंकर मारायला तोंड पुढं केलं, तर ही म्हणते, "मामा, श्वास घेऊ नका." माझ्या दुकानात, माझ्या गल्ल्यावर, मी श्वास घ्यायचा नाही!

तो कण आणि त्याचे दोन-चार भाऊबंद डबीत गेले. मी विसरलो. काही दिवसांनी ही हजर, चेहरा नुसता उजळलेला. म्हणते, "मामा, हा किडा जगात कुणालाच माहीत नाही." मी म्हटलं, बरंच झालं, आपण तरी कशाला कुणाला सांगायचं?

पण ती कसली ऐकते. म्हणे हा नुसता नवा किडा नाही, नवा जीनस आहे. जीनस म्हणजे काय, तर आडनाव समजा. आपल्या समाजात नवा पोरगा जन्मला की जाधवांचा का मोहित्यांचा, एवढंच बघायचं असतं. हा कुठल्याच आडनावात बसेना. हिनं मिशीची पेरं मोजली, पायाची बोटं मोजली, पाठीवरचे खड्डे मोजले, परदेशातल्या म्युझियममधून त्याच्या चुलत्यामालत्यांचे फोटो मागवले... नाहीच जमत. तेव्हा याच्यासाठी नवं आडनाव काढायचं. आणि किडा केवढा, तर राजगिऱ्याचा दाणा त्याच्यापुढं भोपळा.

आता अडलं कुठं? तर डबीतल्या सगळ्या माद्या! नर हवा म्हणे. का, तर नराच्या पोटात एक अवयव असतो, कुलपाच्या किल्लीसारखा, प्रत्येकाचा वेगळा, त्यावरनं ओळख पक्की होते. हे तिनं कुठं समजावलं? पंगतीत. हातानं आकार दाखवून. आमच्या सौ., सकवारबाई, यांनी वाढता वाढता सांबाराची पळी तशीच धरली आणि माझ्याकडं बघितलं, जणू तो अवयव मी आणलाय.

जेवण झाल्यावर प्रणिता म्हणाली, "मामा, ते पोतं द्या." आणि पोतं कुठं? गच्चीवर. ज्या दिवशी किडा दिसला त्याच दिवशी मी ते ओतून, चाळून, उन्हात पसरलं होतं, किड्याचा मागमूस उरला नव्हता. कुठलाही शहाणा व्यापारी हेच करील की नाही? ती पायरीवर बसली. म्हणाली, "नर नाही तर नाव नाही, मामा. एवढं सगळं काम असंच राहणार."

आता भाचीचं तोंड बघवेना, म्हणून मी निघालो किडा शोधायला. मी! समोरच्या हंबीररावाच्या दुकानात गेलो, आवाज खाली आणून विचारलं, वेखंडाला काही लागलंय का हो? तो ताडकन उठला. "आमच्या दुकानात हुळ, किडा? अण्णा, तीस वर्षांची ओळख आहे म्हणून ऐकून घेतो." मग कोरटगेरेच्या शिवाप्पाला फोन. त्याचा माल आम्ही वर्षानुवर्षं घेतो, आणि किडका निघाला तर परत पाठवीन ही धमकी मी त्याला दर हंगामात देतो. त्याला म्हटलं, शिवाप्पा, स्वल्प किडका असेल तर पाठव. मी टोमणा मारतोय असं वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशी असा चोख माल आला की जन्मात पाहिला नाही, वर नारळ, वर माफी. एरवी नको तेव्हा रांगा लावणारा किडा, आणि हवा तेव्हा सगळा बाजार सोवळा! आणि किडा केवढा...

शेवटी सकवारबाईच म्हणाल्या, अगदी सहज, भाजी निवडत, "अहो, त्याच पोत्यातलं वेखंड मी साड्यांत ठेवलंय, पुरचुंडी बांधून. ते चालतं का बघा."

कपाट उघडलं, पुरचुंडी सोडली, आत भुकटी, आणि भुकटी चालतेय. साड्यांना दात लावला नव्हता हो, वेखंडावरच खूश. प्रणितानं भिंग लावलं, संस्थेत धावली, संध्याकाळी फोन. "मामा, नर आहे. दोन आहेत."

पेपर छापून आला. जीनसला नाव लागलं, कायमचं. पण नियम असा की ज्या नरावरनं नाव ठरलं तो नेमका कुठं सापडला ते छापायलाच लागतं. मी मनात म्हटलं, सरी, बरं झालं, दुकान तर सुटलं! छापलं होतं, बसवनगुडी, राहतं घर, रेशमी साड्यांच्या कपाटातून. कस्तुराअक्कानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, वाक्यावाक्याचं मराठी करून. म्हटलं, आता संपलो. बाईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि प्रणिताला समोर बसवून शांतपणे विचारलं,

"किड्याच्या मिशीची पेरंसुद्धा मोजलीस, आणि माझ्या साड्यांना नुसतं 'रेशमी'? अगं, मैसूर सिल्क वेगळी, धर्मावरम वेगळी. त्या मैसूर सिल्क आहेत."

प्रणिता म्हणते, एकदा छापलेलं आता बदलता येत नाही. तिचं बरं आहे हो, ती हे सांगून स्कूटरवरनं निघून गेली... मला राहायचंय इथंच.