कुलूपवाल्याकडची बाई

नाव पहिल्या कागदावर दिले आहे. सगळे मला पडदेवाली म्हणतात, तेच चालेल. वय एकोणपन्नास. शिक्षण चौथी, तीही अर्धी. धंदा पडदे शिवणे व लावून देणे. राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, धाकट्या बहिणीसोबत. मी आपल्या पायाने ठाण्यात आले आहे व साहेबांनी विचारले म्हणून सांगते ते असे.

बाहेर बाकावर जे गृहस्थ बसले आहेत त्यांची तक्रार आहे की काल संध्याकाळी मी त्यांच्या घरात घुसले, त्यांच्या बायकोला फूस लावून नेले व एक स्टीलचा पेला नेला. घरात गेले हे खरे आहे. पेला नेला हेही खरे आहे. मधले कसे झाले ते सांगते.

मला नाटकांचा नाद आहे. खुर्चीत बसून बघायची ती नव्हेत, त्यात पुढच्याचे डोके मध्ये येते. हल्ली काही मुलेमुली गोदामात, बंद शाळेत, कोणाच्या राहत्या घरात नाटक करतात आणि बघणाऱ्याला थेट आत सोडतात. त्यांनी एकदा माझ्याकडून खिडक्या झाकायला काळे पडदे शिवून घेतले. मी शिडीवर चढून पडदा लावत होते तोवर खाली नाटक सुरू झाले. मी उतरलेच नाही. तेव्हापासून त्यांचे एकही नाटक सोडलेले नाही.

एका नाटकात आम्हाला एकेकाला कपाटात बसवले होते. बाहेर कोणीतरी भांडी घासत होते. बाकी काही नाही. ते मला फार आवडले, दोनदा गेले. साहेबांनी विचारले, त्यात बघण्यासारखे काय. मी म्हटले, "साहेब, तुम्ही कधी कपाटात बसलात का? मग राहू द्या." माझी बहीण म्हणते, "घरात दिवसभर उभी असतेस ते कमी पडतं, म्हणून तिकीट काढून उभी राहायला जातेस." तिला मी नेत नाही, ती मध्येच बोलेल.

नाटकात माणूस हात पोचेल इतक्या जवळ येऊन रडतो आणि आपल्याला काही करावे लागत नाही. घरी कोणी रडले तर उठावे लागते.

नियम सोपे असतात. बोलायचे नाही. जे काम देतील ते निमूट घ्यायचे. नाटकातल्या कोणी हात धरला तर नेईल तिकडे जायचे. नियम मला पाठ आहेत.

कालचे नाटक एका घरात होते. निरोप असा होता की तिसरा मजला, दार उघडे असेल, बेल वाजवू नये, रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसावे. त्या इमारतीला दोन जिने आहेत हे निरोपात नव्हते. मी मागच्या जिन्याने चढले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडे होते. कुलूप काढलेले होते आणि त्या जागी नुसते भोक होते. मी आत जाऊन खुर्चीवर बसले.

बाकावरचे गृहस्थ आतून आले व म्हणाले, "कुलूपवाल्याकडच्या का? बसा. तो कधी येतोय?" मी मान डोलावली. मला वाटले, मला हे काम मिळाले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. ते बायकोच्या चपला माळ्यावर ठेवत होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "घरात चप्पल कशाला लागते? तुझे पाय दुखतात म्हणून सांगतो. बाहेरचं काय हवं ते मला सांगायचं." बाई म्हणाली, "बरं." ते म्हणाले, "आणि फोन माझ्याकडेच राहू दे, उगाच डोकं उठतं तुझं." बाई म्हणाली, "बरं." ती एकच चादर घडी घालायची, मोडायची, परत घालायची. बाईचे काम मला पहिल्यापासून आवडले. इतके बारीक काम मी कपाटाच्या नाटकातही ऐकले नव्हते. गृहस्थांचे काम मला जरा खोटे वाटले. इतकी माया कोणी दाखवत नाही.

मग ते बाल्कनीत जाऊन फोनवर बोलू लागले. मला ऐकू आले ते असे : "आतून खटका नको म्हणून सांगितलं होतं ना? दोन्हीकडून किल्लीच पाहिजे. आणि किल्ली एकच बनवायची."

तेवढ्यात बाईने मला पाणी आणून दिले. मी पेला घेतला आणि तिने माझा दुसरा हात धरला. मी उठायच्या तयारीत बसले. नाटकातली मुले हात धरली की लगेच ओढतात, त्यांना कुठे न्यायचे ते ठाऊक असते. ही नुसती धरून उभी राहिली. हात ओला होता. हिला कुठे जायचे ते माहीत नाही हे माझ्या लक्षात आले.

तेव्हा मी म्हटले, "चला." आजवर इतकी नाटके बघितली, चालू नाटकात मी तोंड उघडलेले नाही. काल उघडले. एवढा एकच शब्द बोलले, त्याला फूस म्हणायची तर म्हणा.

आम्ही उतरलो. ती अनवाणी होती. जिन्यात कुलूपवाला हत्यारांचा डबा घेऊन वर येत होता, त्याने भिंतीला टेकून वाट दिली. फिरून इमारतीच्या पुढच्या बाजूला आलो तर तिथे नाटकातली मुलगी उभी होती. ती म्हणाली, "काकू, उशीर केलात. सुरू झालंय, आता आत सोडता येणार नाही." तेव्हा माझी खात्री झाली.

बाईने मला विचारले, "तुम्ही कुलूपवाल्याकडच्या ना?" मी म्हटले, "नाही हो. मी प्रेक्षक." तिने हात मात्र सोडला नाही.

साहेबांनी विचारले की नाटक नव्हे हे वरच कळले होते का. हात धरला तेव्हा शंका आली होती. पण नाटक असते तरी मी उठलेच असते. मग नाटकवाल्यांनी मला परत घेतले नसते, ते वेगळे.

बाई आता कुठे आहेत असे विचारले. त्या माझ्या बहिणीसोबत चप्पल घ्यायला गेल्या आहेत. पायात आली की इथे येऊन आपले आपण सांगतील. त्यांचा जबाब घेताना गृहस्थांना खोलीत बसवू नये. मी बसेन. मला गप्प बसायची सवय आहे.

लिहिलेले सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे, खाली सही केली आहे. पेला घासून आणला आहे, टेबलावर ठेवला आहे. तो त्या गृहस्थांना द्यावा. त्यांचे म्हणून माझ्याकडे होते ते एवढेच.