मोकळ्या कोंबड्या आणि उघडं दार

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, या मोकळ्या कोंबड्या ना? मग आत का बसल्यात?" आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं? खुराड्याचं दार उघडं, समोर गुडघाभर गवत, गवतात किडे, वर ऊन, म्हणजे द्यायची ती सगळी मोकळीक दिलेली, पण ती घ्यायची की नाही हे कोंबडीनं ठरवायचं, आणि कोंबडीला कोण सांगणार?

नाही, थांबा, मी मधूनच सुरू केलं. मी पोस्टातली. एकतीस वर्षं खिडकीत बसून तिकिटं विकली, निवृत्त झाले, हे गेले, मग शहरातली खोली सोडून थोरल्या जाऊबाईंकडे शेतावर राहायला आले, म्हटलं दोघी म्हाताऱ्या, एकमेकींना सोबत होईल. सोबत कसली? जाऊबाई गेली तीस वर्षं कोंबड्यांशिवाय कोणाशी धड बोललेल्या नाहीत. माझ्याशी बोलतात ते दोन शब्द, "पाणी भरलं?" आणि तेसुद्धा कोंबड्यांचं. तर आमच्या आसपास आठ घरं, प्रत्येकाचं शेत हातरुमालाएवढं, प्रत्येकाच्या अंगणात कोंबड्या. या आठ घरांनी मिळून गट काढला, कोंबड्या मोकळ्यावर वाढवायच्या आणि एकत्र विकायच्या. अध्यक्ष सुतार, कारण त्याच्याकडे खुर्च्या. वाहतूक ड्रायव्हरकडे, कारण त्याच्याकडे टेम्पो. आणि सचिव मी. का? तर माझं अक्षर चांगलं. मी म्हटलं, "अहो, मला कोंबडीतलं काही कळत नाही." सुतार म्हणाला, "विकायची तर आहे, कळायला कशाला पाहिजे?"

बाजारात बसलो पहिल्यांदा, तर एक बाई आल्या, कोंबडी हातात घेऊन तोलली आणि म्हणाल्या, "ही आजारी होती का?" म्हटलं, "नाही हो, दिवसभर धावते, म्हणून काटक आहे." तर म्हणाल्या, "मग मला बसून राहिलेली द्या." घ्या. दुसऱ्या एकांनी घेतली, दुपारी त्यांचा फोन, "ताई, दीड तास शिजतेय, अजून पाय हालत नाही तिचा, काय करू?" मी काय सांगू? म्हटलं, "अजून अर्धा तास धीर धरा." संध्याकाळी त्यांच्या यजमानांचा फोन, "पोस्टातल्या ना तुम्ही? रबरी शिक्के विकता का आता?"

असं सहा महिने चाललं आणि मग तो शेडवाला यायला लागला. मोटारसायकल, काखेत फाइल, तोंडावर कायम हसू. एका मोठ्या कंपनीचा माणूस. "तुम्ही नुसती जागा द्या, शेड आम्ही बांधू, पिल्लं आमची, खाद्य आमचं, चाळीस दिवसांत माल तयार, गाडी दारात येऊन नेणार, तुम्हाला बाजारात बसायला नको." सुतार हळूहळू वितळायला लागला, ड्रायव्हर तर आधीच वितळलेला. फक्त एक अट होती, ती त्यानं सगळ्यात शेवटी, हेल्मेट घालता घालता सांगितली. "शेड झाली की आवारात दुसरा एकही पक्षी चालणार नाही. रोग पसरतात ना. त्या सगळ्या काढून टाकायच्या."

जाऊबाई तिथेच दाणे टाकत होत्या. दाण्यांचं सूप तसंच हातात धरून उभ्या राहिल्या, कोंबड्या पायाशी गोळा होऊन वर बघतायत आणि यांचा हातच हलेना. रात्री जेवल्या नाहीत. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "पाणी भरलं?" म्हटलं, "भरलं."

तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मालकांना पत्र लिहिलं. हातानं लिहिलं, म्हटलं निदान अक्षराचा तरी उपयोग होऊ दे. आणि काय आश्चर्य, त्यांचं उत्तर आलं. मोकळ्यावर वाढलेल्या कोंबड्याच हव्या होत्या त्यांना, पण आधी स्वतः येऊन बघणार, गवतात चरताना फोटो काढणार, ते फोटो हॉटेलात लावणार, आणि पसंत पडलं तर आठही घरांचा माल कायमचा घेणार. सुतारानं सांगून टाकलं, "ताई, ते घेणार असतील तर उत्तम. नाहीतर सोमवारी मी शेडच्या कागदांवर सही करतो. माझंही घर आहे."

हॉटेलवाले यायच्या दिवशी आम्ही पहाटेपासून तयार. मी अंगण झाडलं. ड्रायव्हरनं फाटकाला रंग दिला आणि त्याला स्वतःच टेकला. सगळं जिथल्या तिथे. आमच्या कोंबड्या रोज सातला बाहेर पडतात ते दिवस मावळेपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत, एवढ्या भटक्या. त्या दिवशी साडेनऊला घार आली. एकच घिरटी घातली तिनं. कोंबड्यानं मान तिरकी करून वर बघितलं, घशातून एक आवाज काढला, आणि तुम्हाला सांगते, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच साठच्या साठ कोंबड्या खुराड्यात. घार गेली निघून. पण कोंबडीला कोण सांगणार की ती गेली म्हणून?

दहाला हॉटेलवाले हजर. पांढरे बूट, इस्त्रीची पँट, हातात मोबाइल. बघतात तर गवत मोकळं, आणि कोंबड्या आत दाटीवाटीनं बसलेल्या. मग ते पहिलं वाक्य, "ताई, मग आत का बसल्यात?"

म्हटलं, "घार आली होती."

त्यांनी वर बघितलं. आकाश स्वच्छ. "कुठेय?"

"गेली."

"मग?"

मग काय, मग? मी दाणे टाकले. कोंबडा दारापर्यंत आला, एक पाय बाहेर ठेवला, वर बघितलं, पाय परत घेतला. सुतारानं भाजीचा पाला आणला. ड्रायव्हर मागच्या बाजूनं झाडू घेऊन आत घुसला आणि हुश्श हुश्श करून ढकलायला लागला, तर हॉटेलवाले म्हणतात, "म्हणजे ढकलून मोकळ्या करता तुम्ही?" मी ड्रायव्हरला म्हटलं, "बाहेर ये आधी." तो आला. डोक्यात पिसं. बाहेर आलेला तेवढा एकटाच.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. आणि तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज. शेडवाला. सोमवारची वाट बघवली नाही त्याला, फाइल घेऊन आला, फाटकाला टेकला, तो ओला रंग त्याच्याही पाठीला लागला, पण हसू काही हललं नाही. म्हणतो, "आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही बघा. आमची कोंबडी जिथे ठेवली तिथेच दिसते." सुतारानं माझ्याकडे बघितलं. मी जाऊबाईंकडे. जाऊबाई हॉटेलवाल्यांकडे बघत होत्या, आणि मग त्या बोलल्या. परक्या माणसाशी, स्वतःहून. म्हणाल्या, "तुम्ही उभे आहात म्हणून येत नाहीत त्या. आत जाऊन बसा."

"आत? खुराड्यात?"

"बसा."

आता जाऊबाईंनी बसा म्हटलं की माणूस बसतो, त्यांचा आवाजच तसा आहे. शहरातला एवढा मोठा माणूस वाकून आत गेला, पालथ्या टोपलीवर बसला, पांढरे बूट कोंबड्यांच्या शिटेत. पाच मिनिटं गेली. दहा मिनिटं. मी फटीतून बघते तर एक तपकिरी कोंबडी, जी मला जन्मात कधी जवळ येऊ देत नाही, ती या माणसाच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. डोळे मिटले तिनं. आणि ती तशी बसल्यावर बाकीच्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, एक उठली, दुसरी उठली, आणि रांगेनं सगळ्या गवतात. असं चरणं, असं उकरणं, पंख पसरून धुळीत लोळणं, चित्र काढावं असं. मी ओरडले, "साहेब, आल्या हो, या लवकर, फोटो काढा."

आतून दबका आवाज, "तुम्हीच काढा ताई. मी हललो तर ही उठेल."

मी काढले फोटो. सगळ्यांत माझं बोट आलंय. पण साहेबांनी होकार दिला, टोपलीवर बसूनच दिला. शेडवाल्यानं फाइल बंद केली. जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं.

पुढच्या आठवड्यात आठ घरांच्या मिळून चाळीस कोंबड्या टेम्पोतून हॉटेलवर गेल्या. साहेब स्वतः मागच्या दारी उतरवून घ्यायला उभे. त्यांनी क्रेटमध्ये वाकून बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "त्या दिवशी माझ्या मांडीवर बसली होती ती यात आहे का?" आता ‘नाही’ म्हणायला काय जातं? पण आमचा ड्रायव्हर खरं बोलणारा, म्हणाला, "काय की साहेब. असेलही. सगळ्या तपकिरीच."

संपलं. एकही कोंबडी स्वयंपाकघरात गेली नाही. चाळीसच्या चाळीस हॉटेलच्या मागच्या अंगणात. तिथून त्या जेवणाच्या दालनात शिरल्या, गिऱ्हाइकांच्या पायात घोटाळल्या, एक हिशेबाच्या टेबलावर खुडूक बसली. आचाऱ्याचा मला फोन, "ताई, त्यांना सांगा ना काहीतरी." अहो, पण कोंबडीला कोण सांगणार? आठव्या दिवशी टेम्पो भरून परत आल्या, आणि बरोबर साहेबांची चिठ्ठी. कोंबड्या नकोत, फक्त अंडी द्या, आठही घरांची घेतो. दोन अटी. एक, कोंबडी कोणी कापायची नाही, म्हातारी झाली तरी. दोन, गटातला प्रत्येक पक्षी रोज सहा तास बाहेर असला पाहिजे, आणि त्याची नोंद सचिवांनी ठेवायची.

तेव्हापासून आठ घरांतली माणसं सकाळभर अंडी शोधत फिरतात, कारण मोकळी कोंबडी अंडंही मोकळेपणानं घालते. कुंपणात, चारीत, सुताराच्या खुर्चीवर, एकदा तर माझ्या चपलेत. मी शोधते, पुसते, मोजते, लिहिते. पण आठही घरं टिकली, हे खरं. एकाही घरानं शेडसाठी सही केली नाही.

आणि परवा फाटकाशी मोटारसायकल थांबली. शेडवाला. या खेपेला तोंडावर हसू नव्हतं. त्यानं जॅकेटची चेन उघडली, आतून एक पांढरी कोंबडी काढली, एवढी थोरली, जाडजूड, आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "एवढी एक ठेवून घ्या ताई. घरी कापायला आणली होती, तर मुलीनं तिचं नाव ठेवलं. आता ती जेवत नाही."

"कोण, कोंबडी?"

"मुलगी."

काय करता? मी जाऊबाईंकडे बघितलं, तर त्यांनी ती केव्हाच हातात घेतली होती. ठेवली. पण तिला चालता येत नाही हो. शेडमध्ये वाढलेली, अंगाचं ओझं तिच्याच पायांना पेलत नाही, दोन पावलं टाकते आणि बसते. दारापर्यंतसुद्धा पोचत नाही. आणि करार म्हणजे करार, प्रत्येक पक्षी रोज सहा तास बाहेर. म्हणून सकाळी मी तिला उचलून गवतात नेते, ऊन सरकलं की सावलीत सरकवते, संध्याकाळी उचलून आत आणते. साडेचार किलो आहे. करारात बाहेर जायचं एवढंच लिहिलंय, कोणाच्या पायांनी ते लिहिलेलं नाही.

सध्या माझ्या.