पाठीचं माप

कापडाच्या दुकानात निवृत्त ग्रंथपाल अस्तर घ्यायला उभे होते. पुढे दोन बायका होत्या, एकमेकींना अनोळखी.

"ब्लाउजला एवढं कापड? अहो, तुमच्यासारख्या दोघी मावतील त्यात."

"सैलच शिवते मी. घरीच, पेपर कटिंग ठेवून."

"पण तुम्ही तर काडीसारख्या."

"पुढचं माप घेता येतं हो. पाठीचं एकटीला जमत नाही, टेप घसरते. मग सगळीकडे दोन बोटं जास्त धरायची."

"घरात कुणी नाही?"

"बहीण होती. तीच घ्यायची."

"आणि शेजारीण?"

"उद्या येते म्हणाली होती. त्याला तीन ब्लाउज झाले."

"वळा बघू. टेप आहे माझ्याकडे."

"इथं? मागे माणसं आहेत."

"काका तिकडे बघतील. बघाल ना काका?"

ग्रंथपाल घाईघाईने बटणांच्या डब्यांकडे वळले आणि त्यांवरची अक्षरं वाचू लागले.

"ताठ उभ्या राहा. खांद्यापासून खांद्यापर्यंत साडेतेरा. झालं."

"झालं?"

"हो. लक्षात ठेवा, साडेतेरा."

"ठेवते."

टेप गुंडाळली जाऊ लागली, तरी दुसरी पाठ करूनच उभी होती.

"घाई नसेल तर आणखी एकदा घेता का?"