तांबडीचं बाळंतपण आणि माझी विश्रांती

...नाही नाही, तुम्हीच सांगा मला, विश्रांती म्हणजे नेमकं काय हो? मी काही मोठा विद्वान नाही, उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे गेला, पण माझ्या अल्प समजुतीप्रमाणे विश्रांती घेणारा माणूस आडवा असतो! आडवा! गेला बाजार बसलेला तरी असतो! गाईच्या मागे गुडघ्यांवर, शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर, आणि हात कुठे, तर... असू दे, तिथे येतोच मी. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा वाढवून सांगतोय.

तर आमचे डॉक्टर. दंडाला तो पट्टा बांधला, फुसफुस हवा भरली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताण आहे." आता तक्रारखिडकीवरच्या माणसाला ताण असणार नाही तर काय गुदगुल्या होणार? पण डॉक्टरांचं चालूच. म्हणाले, "कुठेतरी शांत जागी जा. झाडं बघा, पाखरं बघा, धावपळ बंद, उत्तेजना अजिबात नको. पूर्ण विश्रांती!" मी म्हटलं, माझ्या थोरल्या भावाचं शेत आहे, लहानसंच आहे, एक गाय, दोन शेळ्या, थोड्या कोंबड्या... "वा!" टेबलावर थाप मारून म्हणाले, "याहून चांगलं काय असणार!" आणि आमची बायको तर काय, मी घरी पोचायच्या आत माझी बॅग भरून दाराशी!

आता त्या डॉक्टरांची चूक नाही म्हणा. त्यांनी शेत फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. तुम्हाला सांगतो, वसंत ऋतू कवितेत वेगळा आणि शेतावर वेगळा. शेतावर वसंत म्हणजे प्रसूतिगृह! जिकडे बघाल तिकडे कुणीतरी नुकतंच व्यालंय, नाहीतर आता विणार आहे, नाहीतर अंड्यांवर बसून जगाकडे डोळे वटारून बघतंय! छपराखाली पाखरांची पिल्लं, कडब्याच्या गंजीत मांजरीची पिल्लं, शेळीला जुळी करडं, आणि मी बॅग घेऊन माझ्या खोलीत शिरतो तर माझ्या पलंगावर, बरोबर मधोमध, कोंबडी!

"वहिनी! ही कोंबडी!"

वहिनी हात पुसत आल्या. "अगंबाई! हलवू नका हं भाऊजी तिला. खुडूक झालीय. अंड्यांवर बसलीय."

"वहिनी, ती माझ्या गादीवर बसलीय!"

"हो, पण खाली अंडी आहेत ना!"

माझं अंथरूण गेलं पडवीतल्या बाकावर. ती कोंबडी गादीवर, मी फळीवर. आणि मला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली!

बरं, बाकावर तरी पडू द्याल? सकाळी शब्दकोडं घेऊन पडलो, तर ती दोन करडं... दिसायला अशी गोजिरवाणी, कान लोंबते, पाय काड्यांसारखे, वाटतं उचलून कडेवर घ्यावीत... एक उडी मारून थेट माझ्या पोटावर! तिथे नाचायला लागलं! आणि दुसऱ्याने तोवर पेपर खायला घेतला. आडवे सात, उभे बारा, सगळं पोटात! आणि बदकांचा तो नर! त्याचं माझ्या घोट्यांशी काय वैर होतं देव जाणे. दादाच्या पायाला नाही, वहिनींच्या पायाला नाही, मी दिसलो की मान जमिनीलगत लांब करून, सरळ रेषेत, फिस्स्स करत! मी हौदाभोवती पळतोय, माझ्यामागे तो, त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे रांगेत पिवळीधम्मक पिल्लं, आणि पडवीच्या खिडकीतून आत्या टाळ्या वाजवतेय, "पळ बारक्या, पळ!"

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. पाय मोडलेला, पायाला प्लॅस्टर, खिडकीशी खाट. चालता येत नाही, पण आवाज असा खणखणीत, की ती आत "चहा" म्हणाली तर पलीकडच्या शेतातला माणूस "हो, येतो" म्हणेल. आणि मी पन्नाशीला आलो, पोट पुढे, केस मागे, तरी तिच्या लेखी अजून बारक्याच.

पण खोटं कशाला बोलू? तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी आपला हसतच उठलो. काही कारण नाही हो! बाहेर कोवळं ऊन, झाडांना पोपटी पालवी, मधमाश्यांचा गुंजारव, आणि उशाशी करडू माझी चप्पल चघळतंय. आणि मी हसतोय. म्हटलं, चला, लागू पडतंय औषध.

तेवढ्यात दादा म्हणाला, "बारक्या, आम्ही दोघं जरा बाजाराला जाऊन येतो. रोपं द्यायचीत. संध्याकाळपर्यंत येऊ. तू आहेसच."

मी म्हटलं, "दादा, ती तांबडी..."

"तिला अजून आठवडा आहे रे! मी काय आज गाई पाहतोय का? तू आराम कर!"

तांबडी म्हणजे त्यांची गाय. एकुलती एक. वहिनींनी वासरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेली, त्यामुळे तिला आपण गाय आहोत हे पक्कं ठाऊक नाही, ती स्वतःला घरातली मुलगीच समजते. पहिलंच वेत, पहिलंच बाळंतपण. वहिनी निघताना गोठ्यात जाऊन तिच्या कपाळावरून हात फिरवून आल्या, मला म्हणाल्या, "लक्ष ठेवा हं भाऊजी," आणि गेल्या.

गेल्या... आणि दुपारी, आत्याचा आणि माझा चहा नुकता कपात ओतलाय, एक घोट, एकच घोट घेतलाय, आणि गोठ्यातून आवाज. हंबरडा नाही, कण्हल्यासारखा. आत्याने कप खाली ठेवला. मान वाकडी केली. म्हणाली, "बारक्या, तांबडी बसली."

"बसू दे की. मीही बसलोय."

"अरे गाढवा, विणार आहे ती!"

धावलो! आणि मला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली! गोठ्यात बघतो तर तांबडी आडवी, चारी पाय ताणलेले, डोळे मोठे, आणि मागून एक, फक्त एक, इवलंसं खूर बाहेर डोकावतंय. तसाच उलटा घरात, दादाला फोन लावला. रिंग वाजतेय. छान वाजतेय. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यामागे वाजतेय! फोन विसरून गेला हा! आणि वहिनी? वहिनी म्हणतात, ह्यांच्याकडे आहे ना एक, मग दुसरा कशाला!

मग गुरांच्या डॉक्टरीणबाई. नंबर भिंतीवर खडूने लिहिलेला. आवाज अगदी तरुण, शांत. "हां काका, बोला." मी बोललो. काय बोललो मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "काका, मी दुसऱ्या शेतावर अडकलेय, इथेही तीच गडबड आहे. तासाभरात पोचते."

तासाभरात! अहो, हे वाक्य माझं आहे! मी खिडकीतून उभा जन्म हेच सांगत आलो, "तासाभरात माणूस येईल"! हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस खिडकीची जाळी का हलवतो, ते मला त्या दिवशी कळलं!

"एकच पाय दिसतोय ना?" त्या म्हणाल्या. "मग दुसरा आत दुमडलाय. माझी वाट बघत बसू नका, वासरू गुदमरेल. हात साबणाने धुवा, कोपराच्या वरपर्यंत, आणि फोन स्पीकरवर ठेवा."

"कुणी? मी?"

"दुसरं कोण आहे तिथे?"

मी मागे वळून पाहिलं. दुसरं म्हणजे बदकाचा नर होता. तोसुद्धा पहिल्यांदाच गप्प उभा होता.

इकडे खिडकीतून आत्या, "मोरीतला साबण नको! तुझ्या वहिनीच्या कपाटातला तो वासाचा घे, मऊ आहे!" घेतला. हात धुतले, फोन शर्टाच्या खिशात, आणि गुडघ्यांवर बसलो. आणि मी त्या गाईशी बोलायला लागलो. काय बोलावं? माणसाच्या तोंडी सवयीचंच येतं हो! मी म्हणालो, "बाई, घाबरू नका, तुमची तक्रार नोंदवून घेतलेली आहे, काम हाती घेतलंय, थोडं सहकार्य करा!"

खिशातून आवाज, "काका, कुणाशी बोलताय?"

"गाईशी!"

"छान! बोलत राहा!"

मग त्या सांगत गेल्या आणि मी करत गेलो. तांबडी कळ देते तेव्हा थांबायचं. कळ ओसरली की वासराला हलकेच आत सारायचं, तेवढीच जागा होते. मग बोटांनी चाचपायचं. ऊन ऊन, बुळबुळीत, काही कळत नाही! हे काय? नाक! हे काय? जीभ! आणि तुम्हाला सांगतो, ती जीभ हलली. माझ्या बोटाला लागून अशी हलली. जिवंत! आत, अंधारात, कुणीतरी माझं बोट चोखायला बघत होतं!

बास. त्या क्षणापासून माझा ताण, माझा पट्टा, माझे डॉक्टर, सगळं गेलं उडत. म्हटलं, तू ये बाहेर. बघतोच मी कसा येत नाहीस ते!

"गुडघा लागला?" "लागला!" "त्याच्याखाली खूर शोधा. खूर तळहातात झाका, नाहीतर आत जखम होईल. आणि हळू, हळू पुढे..." दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा पकडलं, वळवलं, आणि पुढे आलं! दोन खुरं! शेजारी शेजारी! मी असा ओरडलो, की कोंबड्या झाडावर!

"आता दोन्ही पायांना मऊ दोर बांधा, आणि तिने कळ दिली की ओढा. ओढायचं खालच्या अंगाला. कळ नसेल तर थांबा."

आणि तेवढ्यात मागून, टक... घस्स... टक... घस्स... वळून बघतो तर आत्या! खुर्ची पुढे टेकवत, प्लॅस्टरचा पाय फरफटवत, अंगण ओलांडून गोठ्यात! "आत्या, तुला उठायचं नाही सांगितलंय!" "तुलाही विश्रांतीच सांगितलीय ना!" म्हणाली आणि खुर्ची तांबडीच्या डोक्याशी लावून बसली, तिचं डोकं मांडीशी घेतलं. "दे गं बाये, दे जोर. हां... ओढ बारक्या!"

ओढलं! तांबडी कण्हतेय, आत्या ओरडतेय, खिशातून बाई ओरडतायत, मी मागे रेलून ओढतोय, आणि एकदम डोकं आलं, खांदे आले, आणि सळ्ळकन सगळंच माझ्या मांडीवर! मी उताणा, छातीवर ओलं, जड, गरम वासरू!

आणि ते हलेना.

आत्या खुर्चीतून पुढे वाकली. ती लोळागोळा मान, मिटलेले डोळे. मी म्हटलं, "बाई, हे श्वास घेत नाहीये." त्या म्हणाल्या, "नाकातोंडातलं पुसा. पोत्याने अंग चोळा. जोरात. गवताची काडी नाकात घाला." चोळलं. असं चोळलं, की माझे हात सोलवटले. डोळ्यांसमोर वहिनींचा तो कपाळावरून फिरणारा हात. "ऊठ रे राजा, ऊठ, तासाभराच्या थापा नको मला, आत्ता ऊठ!" आत्याने काडी पुढे केली. घातली नाकात, फिरवली...

आक्छी!

शिंकलं! सणसणीत, माझ्या तोंडावर! आणि मग श्वास, आणि मग मान अशी लटपटत वर, आणि डोळे उघडून पहिल्यांदा जगात बघितलं कुणाला, तर मला. मी हसतोय की रडतोय, मलाच कळेना. आत्या म्हणाली, "रडतोयस. पूस डोळे. आणि बघ, कालवड आहे."

तांबडी उठली, वळली, आणि चाटायला लागली. आधी कालवडीला. मग, जवळच होतो म्हणून की काय, मला. गाईची जीभ म्हणजे काय असते माहितीये? कानशील साफ! पण मी हललो नाही. म्हटलं, चाट बाई, आज तुझा दिवस आहे.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा कालवड चारी पायांवर उभी राहून पडून पुन्हा उभी होती, आणि कास शोधत माझ्या गुडघ्याला ढुशा देत होती. त्यांनी मायलेकींना तपासलं, म्हणाल्या, "काका, उत्तम काम." दादा-वहिनी आले, वहिनी गोठ्याच्या दारात थबकल्या, तांबडीच्या गळ्यात पडल्या आणि हुंदके देऊन हसायला लागल्या. दादा म्हणतो, "मी म्हटलंच होतं, आता होईलच ती मोकळी." म्हटलंच होतं!

म्हटलं, झालं एकदाचं, उद्या दिवसभर झोपतो. पण आत्या! त्या आत्याचा तो आवाज! तिने खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आणि दर वेळी सांगताना वासरू जास्त अडकलेलं, मी जास्त शूर! दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक सायकलवाला. घामाघूम.

"डॉक्टरसाहेब इथेच उतरलेत ना?"

मी म्हटलं, "कुठले डॉक्टर?"

"शहरातून आलेत ते. हातगुण चांगला आहे म्हणे. आमची मेंढी सकाळपासून अडलीय हो."

मी सांगत होतो, जीव तोडून सांगत होतो, अहो, मी डॉक्टर नाही, मी पाणीपुरवठ्यात आहे, मला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली आहे! पण त्या माणसाचा चेहरा... आणि वहिनी तोवर साबण घेऊन उभ्या. तोच, वासाचा. काय करता! बसलो सायकलवर मागे. निघालो. आणि मागून आत्याचा आवाज, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा, "बारक्याऽऽ, जेवायला वेळेवर ये रे!"

आता तुम्हीच सांगा, ते मी ठरवणार, की मेंढी?