कॅलेंडरच्या पाठीवरचे प्रश्न

नर्सिंगच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. रांगेत सासू-सून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे नातीचा फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या निवृत्त पोस्टमनचे कान त्यांच्याकडेच लागले होते.

“पेशंटची साखर एकदम उतरली तर?”

“शुद्धीत असेल तर गोड पाजायचं. आई, हळू वाचा ना, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. लायब्ररीचं पुस्तक परत करायच्या आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळं उतरवलंय मी, बोटांचे तुकडे पडले. गेल्या खेपेला चार मार्कांनी हुकलीस. आता पुन्हा फी भरायची म्हटली तर घरात विकायला मीच उरलेय.”

“तुम्हाला घेणार कोण! विचारा पुढचं.”

सासूने कागदांची घडी करून पिशवीत टाकली.

“पेशंट बाई आहे, वय साठ. छाती दाबल्यासारखी होतेय, डावा हात जड झालाय, घाम सुटलाय. आधी काय करशील?”

“आहे तिथेच बसवीन. एक पाऊल चालू देणार नाही. आणि लगेच डॉक्टरांना बोलावीन.”

“शाबास,” म्हणत सासू भिंतीला टेकून खाली बसली.

“आई, हा प्रश्न तुमच्या कागदावर नव्हता.”

“तुझ्यापुढे दोघंच उरलेत. आधी फॉर्म दे, मग सांगते.”