मोटारीला गोधडी

"शरदचे म्हणे दोन्ही पाय…" एवढंच ऐकलं हो मी, आणि नेमका तेवढ्यात नळ आला. आता आमच्या वाडीत नळ आला म्हणजे काय होतं, तुम्हाला सांगते, बादल्या, घागरी, कळश्या आणि त्यांच्यावर ताण करणाऱ्या बायका, कानात ओरडून सांगितलं तरी पोचायचं नाही. पाणी भरून झाल्यावर रमाबाईंना जिन्याखाली गाठलं, म्हटलं, "दोन्ही पाय काय? पुढचं बोला की." तर म्हणतात, "पुढचं मलाही ठाऊक नाही. तात्यांनी तेवढंच सांगितलं." गेले तात्यांकडे. तात्या दाढी करत बसलेले, तोंडभर फेस, म्हणाले, "ट्राममध्ये पुढच्या बाकावर दोघं बोलत होते. गिरगावातला शरदचंद्र, नाशिकला तुरुंगात आहे, त्याचे दोन्ही पाय… आणि ठाकुरद्वार आलं, उतरले ते." म्हटलं, "मग तुम्हीही उतरायचं." तर म्हणतात कसे, "मला धोबीतलावला जायचं होतं." आता बोला… अशा माणसांच्या शेजारी जन्म काढला मी. तक्रार नाही हो माझी, आपलं सांगते.

शरद म्हणजे माझ्या दारासमोरच्या यशोदावहिनींचा एकुलता एक. गुणी पोरगा. हे द्विभाषिक राज्य आमच्या डोक्यावर आल्यापासून गिरगावात घरटी एकजण तरी आत जाऊन आलाय, आमच्या ह्यांनासुद्धा धरलं होतं, पण व्हॅनमध्ये इतके खोकले की पुढच्या नाक्यावर उतरवून दिलं. शरद मात्र सत्याग्रहात पुढे होता, त्याला नाशिकला नेला. आणि बाप कोण? मनमोहनराव. सचिवालयात. तीन पिढ्यांची सरकारी नोकरी, ऑफिसात शिंक आली तरी साहेबाच्या खोलीकडे बघून शिंकणारा माणूस. ज्या दिवशी पोराला धरलं त्या दिवशी गॅलरीत उभे राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुटलास तरी हा जिना चढायचा नाही." आणि आता सुटायची वेळ आली, तर हे… दोन्ही पाय. म्हणजे बघा, जिना चढू नकोस म्हणाला बाप, आणि पोराचे पायच… 

वहिनींना सांगायचं कसं? मी काही बोलले नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. पण मनमोहनराव एकाएकी म्हणाले, "सोमवारी सुटतोय. मोटारीनं जाऊ." रेल्वे सोडून मोटार? ती मोटार त्यांच्या थोरल्या काकांची, काळी, उंच, वर्षातून एकदा दसऱ्याला झेंडूची माळ घालायला बाहेर निघायची. मी म्हटलं, वहिनींना सोबत हवी, आणि तडक बसले. कुणी बोलावलं नव्हतं म्हणा. पण दोन पायांचं अर्धं ऐकून माणूस घरी बसू शकतो का, तुम्हीच सांगा.

निघताना पाहिलं तर वहिनींनी सासऱ्यांची काठी मागच्या बाकाखाली सारली. मी नारायण तेलाची बाटली पदराखाली घेतली होती. आणि मनमोहनराव टपावर हातांची खुर्ची बांधत होते. म्हटलं, "भावजी, खुर्ची कशाला?" तर म्हणाले, "घाटात बसायला बरी." घाटात कोण खुर्ची टाकून बसतं हो?

आता थंडी. मला सांगा, गिरगावातल्या माणसाला थंडीचं काय माहीत? आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एकनं कमी करायचा. साऱ्या वाडीत लोकर शोधली, तात्यांचा मफलर निघाला, एक कानटोपी निघाली आणि मनमोहनरावांच्या मापाचा गरम कोट कुठे मिळेना, शेवटी खोताच्या वाडीतल्या एका बँडवाल्यानं आपला दिला. लाल. खांद्यावर सोनेरी झालर. सचिवालयातला माणूस तो कोट घालून स्टिअरिंगमागे बसला, ते बघून समोरचा इराणी गल्ला सोडून बाहेर आला.

पहिला मुक्काम शहापूरला, माझ्या चुलतदिराकडे. थंडी अशी की दातांवर दात आपटून माझी कवळी… जाऊ दे. दीर म्हणाले, "मोटारीवर काहीतरी घाला, नाहीतर पहाटे ती काही उठायची नाही." वहिनींनी अंगावरची गोधडी काढली आणि मोटारीच्या तोंडाला, ते जाळीचं असतं ना पुढे, तिथं नीट गुंडाळून सुतळीनं बांधली. बाळंतिणीचे कान बांधावेत तशी. आणि खरंच, सकाळी हँडल मारल्याबरोबर उठली. मनमोहनराव गोधडी सोडायला गेले तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो. पुढून गार वारा लागेल तिला." तेही म्हणाले, "बरोबर आहे." मीही म्हटलं, बरोबर आहे. तीन शहाणी माणसं, आणि मोटार निघाली गोधडी पांघरून. तक्रार नाही हो माझी, त्यात माझाही हात होताच.

कसाऱ्याच्या पुढे घाट लागला आणि समोर पांढरं. नुसतं पांढरं. आम्हाला धूर माहीत, परळ-लालबागचा, गिरण्यांच्या चिमण्यांचा. मी म्हटलं, "इथे कुठली गिरणी निघाली?" मनमोहनराव म्हणाले, "कालिंदीबाई, ते धुकं आहे." एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काय ते दिसत नव्हतं ही देवाची कृपा. आणि वरून मालाचे ट्रक उतरतायत, घरघर ऐकू येते, दिसत काही नाही. भावजींनी भोंगा दाबला. तो जुना, रबरी फुग्याचा. रबर थंडीनं चिरलेलं, त्यातून नुसता उसासा निघाला… फूऽऽस. पुन्हा दाबला. फूऽऽस. म्हणाले, "ओरडा कुणीतरी." मी ओरडले, "अहोऽऽ, बाजूला व्हा." धुक्यानं ते गिळलं. घरघर जवळ आली. मी डोळे मिटले. आणि तुम्हाला सांगते, ज्या यशोदावहिनींचा आवाज मी बावीस वर्षांत दारापलीकडून ऐकला नव्हता, त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खणखणीत म्हणाल्या, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रऽऽ…"

आणि धुक्यातून जाड आवाज आला, "झालाच पाहिजे!"

मागोमाग ब्रेक करकरले. ट्रक आमच्या अंगावरून, म्हणजे अगदी कानाजवळून, सावकाश निघून गेला. कारण ते वाक्य अर्धं ऐकून गप्प बसणारा माणूस या वर्षात कुठे राहिलाय? समोरचा बोलतो, आणि बोलला की तो कुठे आहे ते कळतं. याच्याहून चांगला भोंगा कुठे मिळणार?

पण मनमोहनराव भडकले. "माझ्या गाडीत हे चालणार नाही. मी सरकारी नोकर आहे."

"मग सरकारला सांगा भोंगा वाजवायला," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा डोकं बाहेर.

दोन वळणं आम्ही दोघींनी आलटून पालटून काढली. मग गार हवा वहिनींच्या घशात गेली, त्यांना ठसका लागला, त्यांची पाठ चोळताना मीही खोकायला लागले, आणि तिसरी घरघर आली. जवळ. फार जवळ. आम्ही दोघी खोकतोय. मनमोहनरावांनी भोंगा दाबला, फूऽऽस. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, साहेबाची खोली कुठे दिसते का म्हणून, आणि मग… अहो, काय आवाज त्या माणसाचा! तीन पिढ्यांचा साठलेला. डोंगर पलीकडून पुन्हा म्हणाला. ट्रकवाला पंजाबी असावा, तो ओरडला, "होनाच चाहिये, बादशाहो!" आणि बाजू देऊन गेला. मग काय, भावजींना थांबवेना कुणी. ट्रक नसला तरी ओरडत होते, झाडाला, दगडाला.

पण धुकं काही हटेना. उलट जितकं वर चढावं तितकं दाट, आणि गरम. काचेवर थेंब. गाडी मुंगीसारखी चालली होती. वहिनी हळूच म्हणाल्या, "उशीर होणार. पोरगं दारात उभं राहील, आपलं कुणी आलं नाही असं वाटेल त्याला."

मनमोहनराव समोर बघत म्हणाले, "उभं राहता आलं तर ना."

 मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही कळलंय?"

"तात्यांनी सांगितलं. अर्धंच." मग बाहीनं काच पुसत म्हणाले, "जिना चढू नको म्हटलं होतं मी, यशोदा. पाय मोडून घे असं नव्हतं म्हटलं."

खुर्ची कशाला ते मला तेव्हा समजलं हो. त्या खुर्चीत घालून त्याला जिन्यावरून वर न्यायचा बेत होता बापाचा. मी तोंड फिरवलं. रडू आलं म्हणून म्हटलं, "थांबवा गाडी, मी पुढे चालते, रस्ता सांगते," आणि उतरले.

दोन पावलं पुढे गेले आणि धुकं संपलं.

संपलं म्हणजे, लख्ख ऊन. निळं आभाळ. घाट केव्हाच मागे पडलेला, मी इगतपुरीच्या नाक्यावर उभी, समोर चहाची टपरी, आणि बाकावर बसलेली माणसं बशा ओठांशी धरून माझ्याकडे बघतायत. मी मागे वळून पाहिलं. साऱ्या मुलखात धुकं होतं ते फक्त आमच्या मोटारीवर. गोधडीतून भसाभसा वाफ. घाटातलं खरं धुकं केव्हाच विरलं होतं, मोटारीला गुदमरवलं होतं आम्ही, आतलं पाणी उकळत होतं, आणि त्या वाफेला धुकं समजून तिच्यातूनच आम्ही मैलभर जीव मुठीत धरून आलो होतो. आणि त्या वाफेच्या मधोमध लाल कोट, सोनेरी झालर, सचिवालयातले मनमोहनराव, घसा फोडून, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रऽऽ…"

टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "झालाच पाहिजे!"

वाफ जराशी फाटली, भावजींना ऊन दिसलं, माणसं दिसली आणि त्या माणसांत एक हवालदार दिसला. त्यांचा चेहरा कोटाच्या उलट, पांढरा. हवालदार संथपणे जवळ आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "सायेब, वाईच हळू म्हना. मी डुटीवर हाय, मला जोरात उत्तर द्येता येत न्हाई." आणि त्यानंच गोधडी सोडायला हात लावला. अशी माणसं भेटली हो वाटेत. काय म्हणून तक्रार करायची? नाहीच माझी तक्रार, आपलं सांगते.

मोटार गार व्हायला वेळ गेला, तुरुंगापाशी पोचलो तेव्हा बाकीचे सुटलेले लोक हारतुऱ्यांसकट निघून गेले होते. दाराबाहेर एकटा शरद.

उभा होता. स्वतःच्या पायांवर.

पण दोन्ही पावलांना चिंध्या बांधलेल्या. वहिनी धावल्या, त्याला चाचपलं, गुडघे, पोटऱ्या, घोटे, बाजारात वांगी बघावीत तसं. "काय झालं रे पायांना?"

"टाचा फुटल्यात गं. इकडची थंडी म्हणजे… आपल्याकडे कुठे सवय? रक्त यायला लागलं म्हणून चिंध्या बांधल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. का?"

 मनमोहनरावांनी टपावरची खुर्ची सोडली, रस्त्यावर मांडली आणि पोराला हातानं खूण केली, बस. शरद म्हणाला, "तुमच्यापुढे मी कसा बसू? तुम्ही बसा." हे त्याला ओढतायत, तो त्यांना ओढतोय. शेवटी वहिनीच मटकन बसल्या, म्हणाल्या, "मला बसू द्या, माझेच पाय गेलेत."

मग शरदनं खाली बघत विचारलं, "बाबा, घरी येऊ ना? की मामाकडे दादरला उतरू?"

मनमोहनरावांनी तोंड उघडलं. फूऽऽस. आवाज संपूर्ण बसलेला. काय काय बोलायचं ठरवून आला असेल तो बाप, रागाचं, मायेचं, देव जाणे, एक अक्षर फुटेना.

"यांच्या आवाजाला काय झालं?"

"घोषणा दिल्या त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "घाटभर."

शरद हसायला लागला, आईनं थट्टा केली असं वाटलं त्याला. मनमोहनराव मोटारीकडे गेले. गोधडी घेऊन आले, अजून ऊन होती ती, तेलाचा वास मारत होती, आणि रस्त्यावर उकिडवे बसून त्यांनी ती पोराच्या दोन्ही पायांना गुंडाळली. सुतळीसकट. मग त्याला चालता येईना, तेव्हा उचलून मोटारीत ठेवला. मी पुढे होऊन दार धरलं. तेवढंच माझं काम. पण ते बघायला मी होते, याचे उपकार मी त्या अर्धवट बोलणाऱ्या तात्यांचेसुद्धा मानते.

वाडीत आलो तर गॅलऱ्या भरलेल्या. शरद चवड्यांवर चालत जिना चढला आणि बाप एक पायरी मागे, दोन्ही हात पुढे धरून. आणि दुसऱ्या दिवशी नळावर रमाबाई म्हणतात, "काय हो कालिंदीबाई, पायांचं खरं काय निघालं?" मी म्हटलं, "खरं होतं, पण टाचांपुरतं." "टाचा? नुसत्या टाचा?" तात्याही वरून वाकले, म्हणाले, "एवढी खुर्ची बांधून गेलात, आणि टाचा?" सगळ्या रांगेचं तोंड असं पडलं, जसं काही मीच त्यांना फसवलं.

आता पोराचे पाय धड निघाले, त्याला मी तरी काय करू?